बोधिवृक्षदर्शन : षष्ठीचा प्रश्न

धम्मपदाच्या बुद्धवग्गात एक विचार निःसंदिग्धपणे मांडलेला आहे. भयाने व्याकुळ झालेली माणसे डोंगरांना, अरण्यांना, उद्यानांना आणि वृक्षचैत्यांना शरण जातात. परंतु हे शरण क्षेमाचे नव्हे, त्याने दुःखातून सुटका होत नाही, असा त्याचा आशय आहे. हा विचार सांगणाऱ्या परंपरेनेच बुद्धगयेच्या एका पिंपळाभोवती वेदिका उभारली, त्याच्या फांदीसाठी समुद्र ओलांडला, त्याच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथ रचले आणि आजही त्याच्या गळून पडलेल्या पानासाठी जगभरातील यात्रेकरू तासन् तास त्याखाली बसतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न जुना आहे. त्यास सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, वृक्षपूजा हा लोकधर्माचा प्राचीन थर होय आणि बौद्ध धर्माने तो नाइलाजाने पोटात घेतला. जेम्स फर्ग्युसन याने १८६८ साली सांची व अमरावती येथील शिल्पांवर वृक्षपूजा व सर्पपूजा यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून या उत्तरास विद्वन्मान्यता मिळाली. दुसरे उत्तर श्रद्धावंतांचे आहे : वृक्ष हाच बुद्ध, म्हणून त्यास वंदन हे बुद्धास वंदन.

प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांची परीक्षा करावयाची आहे. ती करताना पुराणवस्तू किंवा समाजशास्त्र यांचे साहाय्य आवश्यक तेथे घेतले आहे. परंतु मुख्य साधन भाषेचे आहे. बोधिवृक्षाविषयी बोलताना प्राचीन ग्रंथकारांनी व शिलालेखकारांनी कोणते नाम, कोणती विभक्ती आणि कोणते क्रियापद योजिले याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. हे लक्ष दिले तर वरील दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम एका अभावाची नोंद घेतली पाहिजे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःच्या शोधाची हकीकत सांगतात. उरुवेलेजवळचा सेनानिगम, रमणीय भूप्रदेश, प्रसन्न वनराजी, वाहती नदी, भिक्षेसाठी जवळ असलेले गाव या सर्वांचा त्यात उल्लेख आहे. ज्या एका वृक्षाची आपण वाट पाहतो तो मात्र नाही. महासच्चक सुत्तातील आत्मकथनातही बोधिप्राप्तीच्या प्रसंगी पिंपळ नाही. तेथे एक वृक्ष आहे, पण तो लहानपणीच्या आठवणीतील जांभळीचा. याउलट विनयातील महावग्गाचा आणि उदानाचा आरंभ होतो तो नेरंजरेच्या तीरी, बोधिवृक्षाच्या मुळाशी. म्हणजे उत्तमपुरुषी कथनात वृक्ष नाही. प्रथमपुरुषाच्या बाहेर उभ्या असलेल्या निवेदकाने स्थळ सांगितले की वृक्ष येतो, आणि तो आला तो ‘बोधिवृक्ष’ या नावानेच येतो. ज्याला ज्ञान झाले त्याला स्थळाच्या खुणेची गरज नसते. ज्याला ते घडलेले मागाहून सांगावयाचे असते त्याला असते. बोधिवृक्ष हा आरंभापासूनच इतरांच्या तोंडचा शब्द आहे, हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

आता खुद्द ‘बोधि’ या शब्दाकडे वळू. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे, जाणणे. त्यापासून झालेले हे भाववाचक नाम एका झाडाचे नाव कसे झाले? पाली अट्ठकथाकारांना हा प्रश्न ठाऊक होता. त्यांनी या शब्दाचे चार अर्थ दिले आहेत : वृक्ष, मार्ग, सर्वज्ञताज्ञान आणि निर्वाण. या यादीत वृक्ष लाजत लाजत शेवटी आलेला नाही. तो प्रारंभीच आहे. एकाच शब्दात झाड आणि निर्वाण हे दोन्ही अर्थ नांदतात याचा त्यांना संकोच वाटलेला दिसत नाही.

हा अर्थविस्तार कसा घडला याचा सर्वांत बोलका पुरावा भारहुत येथील शिल्पांवरील लेखांत आहे. कनिंगहॅम यास १८७३ साली सापडलेले हे अवशेष इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील असून त्यांतील बराच भाग आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. तेथे निरनिराळ्या बुद्धांचे वृक्ष कोरलेले असून प्रत्येकाखाली एकेक छोटा लेख आहे. विपश्यीचा ‘बोधि’, ककुत्संधाचा ‘बोधि’, कोनागमनाचा ‘बोधि’, काश्यपाचा ‘बोधि’, आणि विश्वभूच्या बाबतीत ‘बोधि सालो’, म्हणजे बोधी जो साल वृक्ष तो. दीघनिकायातील महापदान सुत्तात सात बुद्धांचे सात वृक्ष सांगितले आहेत : पाटली, पुंडरीक, साल, शिरीष, उदुंबर, न्यग्रोध आणि गौतमाचा अश्वत्थ. या दोन पुराव्यांवरून एक गोष्ट सिद्ध होते. ‘बोधि’ हे वनस्पतीच्या जातीचे नाव नव्हे; ते पदनाम आहे. ज्याप्रमाणे ‘राजा’ हे व्यक्तीचे नाव नसून व्यक्तीने धारण केलेल्या पदाचे नाव असते, त्याप्रमाणे सालही बोधी होऊ शकतो, शिरीषही होऊ शकतो. पिंपळास जे महत्त्व आले ते तो पिंपळ आहे म्हणून नव्हे.

फर्ग्युसनच्या पक्षास येथे पहिली अडचण येते. लोकधर्मातील वृक्षपूजा ही बहुधा जातीची पूजा असते. महाराष्ट्रात पिंपळावर मुंजा राहतो तो कोणत्याही पिंपळावर राहतो. श्रावणातील शनिवारी अश्वत्थाची पूजा होते ती गावातील पाराजवळच्या पिंपळाची, कारण तो पिंपळ असतो. वडपौर्णिमेला वड लागतो, जांभूळ चालत नाही. बौद्ध पूजेचे तर्कशास्त्र याच्या उलट आहे : तिला जात चालते ती कोणतीही, पण संबंध हवा तो विशिष्ट. पुढे शब्दव्यवहारात या दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली हे खरे. अमरकोशाने अश्वत्थाच्या पर्यायांत पिप्पल, चलदल, कुंजराशन यांच्याबरोबर ‘बोधिद्रुम’ हाही शब्द दिला आहे. सिंहली भाषेत तर ‘बोधि’पासून झालेला ‘बो’ हा शब्द पिंपळाच्या जातीचेच नाव होऊन बसला आणि तेथून तो इंग्रजीत गेला. मराठीत मात्र जातिनाम ‘पिंपळ’ आणि पदनाम ‘बोधिवृक्ष’ हे दोन्ही वेगळे राहिले. हा भेद आपल्या भाषेने राखला आहे, ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठी सोय होय.

भारहुतच्या लेखांत आणखी एक गोष्ट आहे. गौतम बुद्धाच्या वृक्षाखालील लेखात ‘भगवतो सकमुनिनो बोधो’ असे रूप आले आहे. ‘बोधि’ऐवजी ‘बोधो’ हे ओकारान्त पुल्लिंगी प्रथमेचे रूप लक्षणीय आहेच, कारण भाववाचक ‘बोधि’ हा पालीत स्त्रीलिंगी शब्द आहे. परंतु आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती ‘सकमुनिनो’ या पदातील षष्ठी. शिल्पकाराने ‘हा शाक्यमुनी’ असे लिहिले नाही. ‘येथे शाक्यमुनी’ असेही लिहिले नाही. त्याने ‘शाक्यमुनींचा बोधी’ असे लिहिले. प्रथमा तादात्म्य सांगते, सप्तमी स्थान सांगते, षष्ठी संबंध सांगते. पाणिनीने षष्ठीस कारकांत स्थान दिले नाही. कारकांची वाटणी झाल्यावर जो संबंध उरतो, ज्यास तो ‘शेष’ म्हणतो, त्यासाठी त्याने ही विभक्ती योजिली. बुद्ध निघून गेल्यावर जे उरले त्यासाठी भारहुतच्या लेखकाने हीच विभक्ती वापरावी यात योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे.

या षष्ठीमुळे कलेतिहासातील एका विख्यात वादावरही प्रकाश पडतो. प्राचीन शिल्पांत बुद्धाची मानवाकृती नाही. वृक्ष, चक्र, पादुका, रिकामे आसन आहे. यावरून ही चिन्हे म्हणजे बुद्धाचे प्रतिनिधी होत असे फुशे यांच्यापासून मानले जात होते. १९९० साली सुसान हंटिंग्टन यांनी या मताला हरकत घेतली. यांतील पुष्कळशी शिल्पे बुद्धजीवनाची नसून बुद्धानंतरच्या यात्रेची आहेत, भक्त पवित्र स्थळी आल्याचे ते चित्रण आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढील वर्षी विद्या देहेजिया यांनी त्यास उत्तर देताना चिन्हांची अनेकार्थता पुढे केली : तोच वृक्ष प्रसंगानुसार बुद्धाचे चिन्ह, स्थळाचे चित्र आणि तत्त्वाचे सूचन होऊ शकतो. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर जुना पक्ष प्रथमेचा, हंटिंग्टन यांचा पक्ष सप्तमीचा. देहेजिया यांनी दोन्ही पक्षांना जागा दिली, पण त्या दोहोंना जोडणारा दुवा कोणता हे त्यातून स्पष्ट होत नाही. हा दुवा त्या शिल्पाखालीच कोरलेला आहे, आणि तो षष्ठीचा आहे.

परंपरेने हा संबंध केवळ सूचित ठेवला नाही. त्याची परिभाषाही केली. कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत असा प्रसंग आहे की, बुद्ध चारिकेस गेले असता श्रावस्तीचे लोक फुले घेऊन जेतवनात येत आणि वंदनास कोणी नसल्यामुळे ती गंधकुटीच्या दाराशी ठेवून परत जात. तेव्हा आनंदाने चैत्ये किती प्रकारची असतात असे विचारले. उत्तर मिळाले, तीन : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. शारीरिक चैत्य म्हणजे अस्थिधातू. ते बुद्धाच्या हयातीत होऊ शकत नाही. उद्देशिक हे निर्वस्तुक, केवळ मनावर अवलंबून असणारे. उरले पारिभोगिक, म्हणजे बुद्धाने ज्याचा उपयोग केला ते. आणि बुद्ध हयात असोत वा परिनिर्वृत असोत, बोधिवृक्ष हे चैत्यच होय. मग मोग्गल्लानाने बुद्धगयेहून बीज आणले, अनाथपिंडिकाने ते जेतवनाच्या दाराशी लावले, आणि आनंदाच्या विनंतीवरून झाले म्हणून तो ‘आनंदबोधि’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

ही कथा उत्तरकालीन आहे आणि प्रचलित आचाराचे समर्थन करण्यासाठी ती रचली गेली, हे मान्य करण्यास हरकत नाही. परंतु समर्थन कोणत्या शब्दांत केले जाते हेही महत्त्वाचे असते. ‘या वृक्षात देवता आहे’ किंवा ‘हा वृक्ष इच्छा पूर्ण करतो’ असे समर्थन त्या काळात सुलभ होते. सुजातेने खीर आणली ती वृक्षदेवतेच्या नवसाची म्हणून, ही कथा परंपरेला ठाऊकच होती. ते समर्थन सोडून कथाकाराने ‘परिभोग’ हा शब्द निवडला. वृक्षात काही आहे असे नव्हे, वृक्षाशी काही घडले आहे. एवढेच नव्हे, तर मानाने कल्पिलेल्या, वस्तूचा आधार नसलेल्या चैत्यापेक्षा हे चैत्य येथे ग्राह्य मानले गेले. पुजाऱ्याच्या भूमिकेपेक्षा इतिहासकाराच्या भूमिकेला ही भूमिका जवळची आहे.

आता धम्मपदातील विरोधाकडे परत येता येईल. तेथे निषेध आहे तो वृक्षचैत्याचा की त्याला ‘शरण जाण्याचा’? क्रियापद पाहिले की उत्तर मिळते. भय हे कारण, शरण जाणे ही क्रिया, आणि दुःखातून सुटका हे अपेक्षित फळ, असा तेथील अन्वय आहे. महापरिनिब्बाण सुत्तात चार स्थळे सांगितली आहेत : जन्माचे, संबोधीचे, धर्मचक्रप्रवर्तनाचे आणि परिनिर्वाणाचे. त्यांना दोन विशेषणे लाविली आहेत : ‘दस्सनीय’ आणि ‘संवेजनीय’. ती पाहावयाची आहेत आणि ती पाहून संवेग उत्पन्न व्हावयाचा आहे. येथे भय नाही, शरण नाही, मागणे नाही. त्या भ्रमणासाठी ‘चेतियचारिका’ असा शब्द आला आहे. ‘तीर्थ’ हा शब्द नाही, आणि तो असणे कठीणही होते, कारण पालीत ‘तित्थिय’ म्हणजे परमताचा अनुयायी. ‘संवेग’ हा शब्द आज मराठीत पदार्थविज्ञानाने घेतला असून वस्तूच्या गतीच्या संदर्भात तो विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. पालीतील अर्थ मनाचा आहे : हादरून जाणे, अनित्यतेच्या जाणिवेने खडबडून जागे होणे. म्हणजे धम्मपद आणि महापरिनिब्बाण सुत्त यांत विरोध नाही. नाम तेच असले तरी क्रियापद बदलले आहे, आणि आचाराचा अर्थ नामात नसून क्रियापदात असतो.

या यात्रेचा सर्वांत जुना दिनांकित पुरावा म्हणजे अशोकाचा आठवा शिलालेख. त्यात म्हटले आहे की, पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, तीत मृगया आणि तशा करमणुकी असत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर देवानांप्रिय प्रियदर्शी राजा ‘संबोधी’स गेला आणि त्यापासून ही धर्मयात्रा सुरू झाली. या ‘संबोधि’ शब्दाविषयी दीर्घ वाद झाला. ऱ्हिस डेव्हिड्स आदी पंडितांनी त्याचा अर्थ ज्ञानप्राप्तीच्या मार्गास लागणे असा केला. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तो बुद्धगयेच्या बोधिस्थानाचा वाचक आहे असे प्रतिपादिले, आणि हेच मत पुढे ग्राह्य ठरले. भाषेच्या दृष्टीने भांडारकरांचा पक्ष बळकट आहे यात संशय नाही. गिरनारच्या पाठात गमनवाचक ‘अयाय’ हे रूप आहे. अन्यत्र ‘निघाला’ या अर्थाचे, निष्क्रमणवाचक क्रियापद आहे, आणि तेच क्रियापद आधीच्या राजांच्या विहारयात्रेसही लावलेले आहे. मृगयेस निघणे हे पायांनी निघणे असेल तर त्याच्या विरुद्ध योजिलेले निघणेही पायांचेच असले पाहिजे. ‘यात्रा’ हा शब्दही त्यालाच पुष्टी देतो.

परंतु वाद येथे संपला असे मानणे म्हणजे लेखातील उत्तम भाग न वाचणे होय. संबोधीस गेल्यावर यात्रेत काय होते याची अशोकाने यादी दिली आहे : श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांस दान, वृद्धांचे दर्शन व त्यांस सुवर्णाची मदत, जनपदातील लोकांचे दर्शन, त्यांस धर्माचा उपदेश व धर्माविषयी विचारपूस. ‘दर्शन’ हा शब्द या छोट्या लेखात पुनःपुन्हा येतो. आणि प्रत्येक वेळी त्याचे कर्म माणूस आहे. वृक्षाचा उल्लेख नाही. अशोक बोधिवृक्षाजवळ गेला नसेल असा याचा अर्थ नव्हे. सांचीच्या तोरणावरील शिल्पात त्याची ही भेट चित्रित झाली आहे असे मानले जाते. पण त्याने जे लिहून ठेवावयास योग्य मानले ते झाडाचे दर्शन नव्हते, झाडापर्यंतच्या वाटेवरील माणसांचे दर्शन होते. या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यास सापडला. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोकणच्या बंदरावर उतरणाऱ्या माणसालाही यात्रेची ही नवी व्याख्या वाचावयास उपलब्ध होती.

षष्ठीचा हा संबंध विसरला गेला म्हणजे काय होते, हे खुद्द परंपरेनेच एका कथेत सांगितले आहे. दिव्यावदानातील अशोकावदानात राजा उत्तमोत्तम रत्ने ‘बोधी’ला पाठवीत असतो. राणी तिष्यरक्षितेस वाटते की राजा रमतो आपल्याशी, पण रत्ने मात्र बोधीला देतो. आणि या सवतीचा काटा काढण्यासाठी ती एका मातंगीकडून वृक्षावर मंत्रप्रयोग करविते. वृक्ष सुकू लागतो, राजा मूर्च्छित होतो. बोधी गेली तरी मी तुम्हांस रमवीन, असे राणी म्हणते तेव्हा राजा तिला सांगतो की बोधी ही स्त्री नव्हे, तो वृक्ष आहे. मग राणीचा भ्रम फिटतो आणि घागरींनी दूध घालून वृक्ष पुन्हा जगविला जातो. ही कथा ‘बोधि’ शब्दाच्या लिंगावर उभी आहे. शब्द स्त्रीलिंगी नसता तर ती रचलीच गेली नसती. महावंसात हीच राणी आहे, हाच मत्सर आहे. पण तेथे तिला बोधी म्हणजे वृक्ष हे पक्के ठाऊक आहे, आणि ती विषारी काट्याने त्याचा नाश करते. फाहियानच्या वृत्तांतात राजा नेहमी कोठे जातो असे राणी विचारते, उत्तर मिळताच संधी साधून झाड तोडविते, आणि राजा मुळांवर दूध ओतून ते वाचवितो.

तीन रूपांची तुलना केली तर अशोकावदानाची कथा सर्वांत विनोदी आणि सर्वांत गंभीर ठरते. राणीचा प्रमाद हा अर्थग्रहणाचा प्रमाद आहे : तिने नाम ऐकले आणि संबंध विचारला नाही. राजाच्या उत्तरात मात्र ‘तो वृक्ष आहे’ एवढेच नाही; भगवंतांना जेथे ज्ञान झाले तो वृक्ष, असा संबंध त्याने जोडला आहे. तो जोडल्यावरच मत्सर निरर्थक होतो. वृक्षाला बुद्ध मानणारा भक्त आणि वृक्षाला सवत मानणारी राणी यांच्या भावनांत आकाशपाताळाचे अंतर असले तरी व्याकरण दोघांचे एकच आहे. दोघेही षष्ठीच्या जागी प्रथमा ठेवतात.

येथवरच्या विवेचनास एक मोठा अपवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील महावंसाच्या अठराव्या व एकोणिसाव्या परिच्छेदांत संघमित्तेने बोधिशाखा सिंहलद्वीपात नेल्याची कथा आहे. तेथे वृक्ष केवळ संबंधाचा विषय राहत नाही; तो कर्ता होतो. शस्त्राने फांदी तोडणे अनुचित म्हणून अशोक मनशिळेने एक रेघ ओढतो आणि शाखा स्वतःच विलग होऊन सुवर्णपात्रात उभी राहते. अशोक तिला आपले राज्य अर्पण करतो. तिच्या सेवेस निरनिराळ्या कुळांची योजना होते. ती ताम्रलिप्तीहून निघून जंबुकोल बंदरात उतरते तेव्हा देवानंपिय तिस्स राजा पाण्यात शिरून तिचे स्वागत करतो. ही वृक्षाची यात्रा नसून राज्याभिषेक आहे. षष्ठीकडून प्रथमेकडे झालेली ही वाटचाल पूर्ण आहे, आणि तिचे कारण धर्मतत्त्वात शोधण्यापेक्षा ग्रंथाच्या प्रयोजनात शोधणे युक्त होईल. महावंस हा राजवंश आणि अनुराधपूरचा महाविहार यांना एका सूत्रात गुंफणारा ग्रंथ आहे. त्याला अशोकाच्या सार्वभौमत्वाचा वारसा समुद्रापलीकडे आणावयाचा होता, आणि वारसा आणण्यास कर्ता लागतो. तरीही या ग्रंथातील एक शब्द आपले जुने नाते सोडीत नाही. ‘दक्षिण शाखा’ आणली असे तो म्हणतो. ‘दक्षिण’ म्हणजे उजवी आणि दक्षिणेकडील, दोन्ही. मराठी अनुवादकास येथे एकच अर्थ निवडावा लागतो. मूळ शब्द मात्र प्रदक्षिणेची उजवी बाजू आणि लंकेची दिशा एकाच उच्चारात सांगतो.

वृक्षाच्या नाशाच्या आणि पुनरुज्जीवनाच्या वृत्तांतांनी आणखी एक प्रश्न उपस्थित केला आहे. युआन च्वांग सातव्या शतकात बुद्धगयेस आला, तेव्हा गौडाधिपती शशांकाने वृक्ष तोडून जाळल्याची आणि पूर्णवर्म्याने सहस्र गाईंच्या दुधाने तो जगविल्याची हकीकत त्याने लिहून ठेविली. १८७६ साली जुना वृक्ष वादळात कोसळला आणि त्याच्या जागी नवे रोप वाढविण्यात आले. महाबोधी विहाराच्या पश्चिमेस वज्रासनाजवळ आज उभा असलेला वृक्ष वयाने दीडशे वर्षांच्या आसपासचा आहे. मग यात्रेकरू जे पाहतो ते बुद्धाचे झाड आहे काय? ‘बोधि’ हे जातिनाम किंवा व्यक्तिनाम असते तर या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागले असते. ते पदनाम आहे, म्हणून पद रिक्त न राहणे पुरेसे आहे. मोग्गल्लानाचे बीज, संघमित्तेची शाखा, १८७६ नंतरचे रोप यांनी ते पद चालविले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या शाखेपासून वाढलेला आहे. ज्या भूमीवरून तो वृक्ष समुद्रापार गेला त्या भूमीवर तो समुद्रमार्गाच्या स्मृतीसह परत आला, आणि ज्या ठिकाणी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतर केले त्या ठिकाणी त्याने तेच पद धारण केले.

युआन च्वांगचा शिष्य हुइली याने लिहिलेल्या चरित्रात आपल्या गुरूच्या बुद्धगयाभेटीचे वर्णन आहे. बोधिवृक्ष पाहून तो भूमीवर पडून रडला. बुद्धांना ज्ञान झाले तेव्हा आपण कोणत्या योनीत होतो कोण जाणे, आता या उत्तरकाळात येथे पोहोचलो, असा त्याचा शोक होता. त्याने वृक्षाजवळ काही मागितले नाही, वृक्षात बुद्ध पाहिल्याचेही सांगितले नाही. त्याला दिसले ते बुद्धाचे नसणे. महापरिनिब्बाण सुत्तातील ‘संवेजनीय’ या विशेषणाचे याहून नेमके भाष्य सापडणे कठीण आहे. षष्ठीत स्वामी आणि वस्तू यांचा संबंध असतो, आणि स्वामी अनुपस्थित असतानाच वस्तूवरील त्याचे नाव आपल्याला पुनःपुन्हा उच्चारावे लागते.

या चर्चेचा मराठीशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९५६ नंतर लक्षावधी मराठी भाषकांच्या जीवनात बुद्धगया आली, आणि तिच्याविषयी लिहिण्याबोलण्याची भाषा घडवावी लागली. त्या भाषेत आज तीन शब्द सर्रास वापरले जातात : ‘पवित्र’ वृक्ष, ‘पूजा’ आणि ‘तीर्थक्षेत्र’. ‘पवित्र’ या शब्दामागे शुद्धि-अशुद्धीची सारी व्यवस्था उभी आहे, आणि ज्यांनी ती नाकारली त्यांच्या वाक्यात तो शब्द न कळत परत येतो. ‘तीर्थ’ या शब्दाची अडचण वर सांगितलीच. त्यात गयेचे क्षेत्र पितृश्राद्धासाठी प्रसिद्ध आहे आणि गयामाहात्म्यात महाबोधितरूस वंदन सांगितलेले आहे, त्यामुळे एकाच झाडाखाली दोन वेगळ्या क्रियापदांचे यात्रेकरू उभे असतात. शब्द एक वापरला तर हा भेद पुसला जातो. ‘पूजा’ हा शब्द पालीतही आहे, म्हणून तो त्याज्य म्हणता येणार नाही. परंतु मराठीत त्यास नैवेद्य आणि नवस यांचा वास लागलेला आहे. पिंपळाची पूजा आणि बोधिवृक्षाची वंदना हे दोन आचार मराठीत दोन शब्दांनी वेगळे ठेवता येतात, तर अनुवादकांनी व पाठ्यपुस्तककारांनी ते वेगळे ठेवावेत.

‘दर्शन’ या शब्दाविषयी मात्र आमचा आग्रह उलट आहे. तो देवळाचा शब्द झाला म्हणून कित्येक लेखक त्याऐवजी ‘भेट’ हा फिका शब्द योजितात. वस्तुतः ‘दस्सनीय’ हे महापरिनिब्बाण सुत्ताचे विशेषण आहे आणि ‘दर्शन’ हा अशोकाच्या धर्मयात्रेचा मध्यवर्ती शब्द आहे. तो सोडून देणे म्हणजे स्वतःचा वारसा दुसऱ्याच्या नावे लिहून देणे होय. ‘धम्मयात्रा’ हा शब्द मराठी बौद्धांच्या बोलण्यात आज रूढ आहे. सोपाऱ्याच्या खडकावर जो लेख होता त्याचाच हा शब्द. त्या शब्दाबरोबर त्याचा अर्थही आला पाहिजे. त्या अर्थानुसार यात्रेत पाहावयाचे ते झाडाआधी माणूस असते : वाटेवरचा वृद्ध, खेड्यातला शेतकरी, भिन्न मताचा श्रमण आणि ब्राह्मण. बोधिवृक्षाखाली पोहोचल्यावर मग पान गळून पडण्याची वाट पाहण्यास हरकत नाही. तेथे ते पान तोडीत नाहीत, पडू देतात; आणि जे आपले नाही, दुसऱ्याचे म्हणूनच आपल्यापर्यंत आले आहे, त्याच्याशी कसे वागावे हे त्या एका आचारात पुरेसे स्पष्ट झालेले आहे.